अँडरसन, माग्दालेना

(२३ जानेवारी १९६७ – ). स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या नेत्या, माजी अर्थमंत्री (२०१४–२१) आणि त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान (३० नोव्हेंबर २०२१ ते १८ ऑक्टोबर २०२२). पंतप्रधानपद त्यांना सार्वत्रिक निवडणुकीतून मिळाले नाही. पक्षाने मुदतीच्या मध्यावर नेता बदलला आणि त्या बदलातून ते त्यांच्याकडे आले. संसदेने त्यांची निवड सहा दिवसांत दोनदा केली. पहिली निवड २४ नोव्हेंबरची. त्याच दिवशी सुमारे सात तासांनी त्यांनी राजीनामा दिला. दुसरी निवड २९ नोव्हेंबरची. त्यामुळे ‘पहिल्या महिला पंतप्रधान’ या घटनेची तारीख निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी आढळते. प्रस्तुत नोंदीत ३० नोव्हेंबर ही तारीख धरली आहे. स्वीडनमध्ये संसदेने निवड केली तरी सत्तांतर राजाच्या उपस्थितीतील विशेष मंत्रिपरिषदेच्या बैठकीतच पूर्ण होते. २४ नोव्हेंबरच्या निवडीनंतर ती बैठक झालीच नाही, आणि देशाचा कारभार मावळते पंतप्रधान स्टेफान लोव्हेन यांच्या काळजीवाहू सरकारकडेच राहिला.

जन्म उप्साला येथे. तरुणपणी स्पर्धात्मक जलतरण. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९८३ मध्ये, पक्षाच्या युवक संघटनेत प्रवेश. स्टॉकहोम स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण. १९९६ पासून पंतप्रधान यॉरान पेर्सन यांच्या कार्यालयात सल्लागार. २००९ ते २०१२ या काळात राष्ट्रीय कर प्रशासनाच्या उपमहासंचालक. २०१४ पासून सलग सात वर्षे अर्थमंत्री. डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या धोरणविषयक समितीच्या अध्यक्षपदी निवड. विवाहित, दोन अपत्ये.

पूर्वपीठिका : स्त्री-पुरुष समतेसाठी जगभर दाखला दिल्या जाणाऱ्या स्वीडनला महिला पंतप्रधान मिळायला २०२१ साल उजाडावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. उत्तर युरोपातील पाच देशांत स्वीडनचा क्रमांक शेवटचा लागला. नॉर्वेत ग्रू हार्लेम ब्रुंटलान १९८१ मध्येच पंतप्रधान झाल्या होत्या, आणि त्याही अशाच मुदतीच्या मध्यावरील नेतृत्वबदलातून. फिनलंडमध्ये २००३, आइसलँडमध्ये २००९ आणि डेन्मार्कमध्ये २०११ साली हे पद प्रथम स्त्रीकडे गेले. स्वीडनमध्ये स्त्रियांनी संसदीय निवडणुकीत प्रथम मतदान केले ते १९२१ मध्ये, आणि त्या निवडणुकीतून पाच स्त्रिया संसदेत गेल्या. कारीन कॉक या १९४७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. पुढे मंत्रिमंडळात स्त्रियांची संख्या पुरुषांच्या बरोबरीला आली, तरी सर्वोच्च पद दूरच राहिले. परराष्ट्रमंत्री आना लिंड यांच्याकडे पेर्सन यांच्या संभाव्य उत्तराधिकारी म्हणून पाहिले जाई. सप्टेंबर २००३ मध्ये स्टॉकहोममधील एका दुकानात त्यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. मोना सालीन २००७ मध्ये पक्षाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, परंतु २०१० च्या पराभवानंतर त्यांना पायउतार व्हावे लागले. मोठ्या पक्षाने योग्य वेळी स्त्रीला नेतेपदी बसवणे आणि तो पक्ष तेव्हा सत्तेत असणे, या दोन गोष्टी स्वीडनमध्ये २०२१ पर्यंत एकत्र आल्या नव्हत्या.

नेतृत्वबदल : २१ जून २०२१ रोजी लोव्हेन यांच्यावरील अविश्वास ठराव १८१ मतांनी मंजूर झाला. अविश्वास ठरावाने पायउतार व्हावे लागलेले ते स्वीडनचे पहिले पंतप्रधान. नव्याने बांधलेल्या सदनिकांचे भाडे बाजारभावाने ठरू द्यावे, या प्रस्तावाला डाव्या पक्षाच्या नेत्या नुशी दादगोस्तार यांनी केलेला विरोध हे त्याचे निमित्त. ७ जुलैला संसदेने लोव्हेन यांनाच पुन्हा निवडले, परंतु २२ ऑगस्टच्या भाषणात त्यांनी नोव्हेंबरमधील पक्ष-अधिवेशनात अध्यक्षपद सोडणार असल्याचे जाहीर केले. पुढील निवडणुकीला तेव्हा जेमतेम वर्ष उरले होते, आणि नव्या नेत्याला तेवढा अवधी मिळावा हा त्यामागचा हेतू होता.

या पक्षात नेतेपदासाठी उघड चुरस सहसा होत नाही. जिल्हा शाखांचे मत अजमावून निवड समिती एक नाव पुढे करते आणि अधिवेशन त्यावर शिक्कामोर्तब करते. २९ सप्टेंबरला समितीने अँडरसन यांचे नाव सुचवले. दुसरा उमेदवार नव्हता. ४ नोव्हेंबरला गोथेनबर्ग येथील अधिवेशनात त्या अध्यक्ष झाल्या. लोव्हेन यांनी १० नोव्हेंबरला पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. इथवरचा प्रवास शांत होता. अडचण पुढे होती, कारण पक्षाच्या १०० जागा होत्या आणि संसदेच्या ३४९.

पंतप्रधान-निवडीचा नियम : अँडरसन यांची कथा या नियमावाचून कळत नाही, म्हणून तो येथे थोड्या विस्ताराने दिला आहे. स्वीडनच्या १९७४ च्या शासनविधानाने (अंमल १९७५ पासून) पंतप्रधान नेमण्याचा राजाचा अधिकार काढून घेतला. पंतप्रधानपदासाठी नाव सुचवतात ते संसदेचे, म्हणजे रिक्सडागचे, सभापती. चार दिवसांच्या आत त्या नावावर मतदान होते. सुचवलेल्या व्यक्तीच्या बाजूने किती मते पडली हे पाहिले जात नाही. विरोधात एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे १७५ मते पडली तरच नाव फेटाळले जाते. सभापतींनी सुचवलेली नावे चार वेळा फेटाळली गेली, तर तीन महिन्यांत नवी निवडणूक घ्यावी लागते. अभ्यासक या रीतीला ‘नकारात्मक संसदीय पद्धती’ म्हणतात. विरोधी मतांचीच मोजणी, एवढाच त्यातील ‘नकारात्मक’ शब्दाचा अर्थ.

भारतीय वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्या लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर तटस्थ राहणारा सदस्य गणतीतून वगळला जातो. हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत सरकारला मिळवावेच लागते. स्वीडनमध्ये तटस्थ सदस्य प्रत्यक्षात संमती देतो. ‘आमचा तुम्हाला पाठिंबा नाही, पण तुम्हाला अडवणारही नाही’ अशी भूमिका घेण्याची मुभा लहान पक्षांना त्यामुळे मिळते. अल्पमतातील सरकारे तेथे दीर्घकाळ टिकतात त्याचे हे एक प्रमुख कारण. २०१८ च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला १३४ दिवस लागले, आणि जानेवारी २०१९ मध्ये लोव्हेन निवडून आले तेव्हा त्यांच्या बाजूने अवघी ११५ मते होती. भारतात १९ जानेवारी १९६६ रोजी काँग्रेस संसदीय पक्षाने इंदिरा गांधी यांना मोरारजी देसाई यांच्याविरुद्ध ३५५ विरुद्ध १६९ मतांनी नेतेपदी निवडले, आणि पक्षाला लोकसभेत बहुमत असल्याने पंतप्रधानपदाचा प्रश्न तेथेच मिटला. अँडरसन यांच्या बाबतीत पक्षांतर्गत निवड ही केवळ पहिली पायरी ठरली.

२४ नोव्हेंबर २०२१ : सभापती आंद्रेआस नुर्लेन यांनी नाव सुचवले तेव्हा गणित असे होते. मॉडरेट (७०), स्वीडन डेमोक्रॅट्स (६२), ख्रिश्चन डेमोक्रॅट (२२) आणि लिबरल (२०) या चार पक्षांच्या जागांची बेरीज १७४ होते. आणखी एक विरोधी मत पडले असते तर नाव फेटाळले गेले असते. सेंटर पक्षाने तटस्थ राहण्याचे मान्य केले होते. डाव्या पक्षाशी बोलणी मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत चालली. सर्वांत कमी निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांना दरमहा कमाल १,००० क्रोनरपर्यंत वाढ देण्याचे ठरले, आणि तो पक्षही तटस्थ राहिला. उरल्या अमिने काकाबावे. इराणी कुर्दिस्तानात जन्मलेल्या, कधीकाळी कुर्दी लढाऊ दलात असलेल्या आणि २०१९ मध्ये डावा पक्ष सोडून अपक्ष झालेल्या या सदस्येचे मत निर्णायक होते. उत्तर सीरियातील कुर्दी पक्षाशी सहकार्य वाढवण्याचे लेखी आश्वासन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना दिले. काकाबावे यांनी अँडरसन यांच्या बाजूने मत दिले. भाषणात त्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराच्या शताब्दीचा उल्लेख केला. स्त्रियांना मतदानाचा हक्क असूनही सर्वोच्च पदी त्या कधीच निवडल्या जात नसतील तर लोकशाही अपुरी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

निकाल : बाजूने ११७, विरोधात १७४, तटस्थ ५७, एक सदस्य अनुपस्थित. सभागृहाच्या एका भागाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. ११७ विरुद्ध १७४ या आकड्यांवर एखादी व्यक्ती पंतप्रधान होते हे आपल्याकडे अनेकांना चमत्कारिक वाटले, आणि वृत्तपत्रांनी ‘बहुमत नसताना’ असे मथळे दिले तर त्यात नवल नाही. परंतु विधानाच्या दृष्टीने निवड निर्दोष होती.

त्याच दुपारी अर्थसंकल्प मतदानाला आला. स्वीडनमध्ये पक्षांचे अर्थसंकल्प अखंड प्रस्ताव म्हणून एकमेकांसमोर ठेवले जातात. सेंटर पक्षाने पंतप्रधान-निवडीत तटस्थता पाळली होती. पण सरकारने डाव्या पक्षाशी समझोता केल्यामुळे सरकारच्या अर्थसंकल्पाला मत द्यायला तो तयार नव्हता. त्यामुळे मॉडरेट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि स्वीडन डेमोक्रॅट्स यांनी मिळून मांडलेला अर्थसंकल्प १५४ विरुद्ध १४३ मतांनी मंजूर झाला. रकमेच्या दृष्टीने फरक मर्यादित होता, राजकीय अर्थ मात्र मोठा होता. स्थलांतरविरोधी स्वीडन डेमोक्रॅट्सच्या सहभागाने बनलेला अर्थसंकल्प राबवणे आपल्याला शक्य नाही, असे सांगून अँडरसन यांच्या पक्षाचा सरकारमधील भागीदार असलेला ग्रीन पक्ष आघाडीतून बाहेर पडला. इंधनावरील करकपात हा त्या पक्षाचा विशेष आक्षेप होता.

आघाडीतील पक्ष बाहेर पडला तर पंतप्रधानाने राजीनामा द्यावा, हा स्वीडनमधील संकेत आहे. लिखित नियम नाही. अजून सत्ताग्रहणही न केलेल्या व्यक्तीला तो किती लागू होतो, याविषयी मतभेद संभवतात. अँडरसन यांनी वाट पाहिली नाही. जिच्या वैधतेविषयी शंका घेतली जाईल अशा सरकारचे नेतृत्व आपल्याला करायचे नाही, असे सांगून त्यांनी पद सोडले, आणि केवळ आपल्या पक्षाचे सरकार बनवण्याची तयारी सभापतींना कळवली. परदेशी वृत्तपत्रांत ही घटना सात तासांची फजिती म्हणून रंगवली गेली. प्रस्तुत लेखकाला ते वर्णन अन्याय्य वाटते. संकेत पाळण्यासाठी हाती आलेले पद सोडणे आणि पुन्हा संसदेपुढे उभे राहणे, हा संसदीय शिस्तीचा विरळा दाखला आहे.

दुसरी निवड : २९ नोव्हेंबर. बाजूने १०१, विरोधात १७३, तटस्थ ७५. ग्रीन पक्ष या वेळी तटस्थांत गेला. दुसऱ्या दिवशी राजे सोळावे कार्ल गुस्ताफ यांच्या उपस्थितीत सत्तांतर झाले. ३४९ पैकी १०० जागांचे हे एकपक्षीय सरकार विरोधकांनी बनवलेल्या अर्थसंकल्पावर कारभार करू लागले.

कारकीर्द : हिवाळ्यातील वीजदरवाढीपोटी नागरिकांना भरपाई. एप्रिल २०२२ मध्ये काही शहरांत दंगली.

नाटो : रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केले. मार्चच्या सुरुवातीला अँडरसन यांनी, नाटोत जाण्याचा अर्ज केल्यास या भागातील अस्थैर्य वाढेल, अशी भूमिका घेतली होती. १५ मे रोजी पक्षाने आपले दीर्घकालीन अलिप्ततेचे धोरण बाजूला ठेवले आणि १८ मे रोजी फिनलंडबरोबर स्वीडनचा अर्ज ब्रुसेल्समध्ये सादर झाला. तुर्कस्तानने कुर्दी संघटनांच्या प्रश्नावरून हरकत घेतली, आणि काकाबावे यांच्याशी झालेला नोव्हेंबरचा समझोता अचानक परराष्ट्रधोरणाचा विषय बनला. ७ जून रोजी न्यायमंत्री मॉर्गन योहानसन यांच्यावर अविश्वास ठराव आला. तो मंजूर झाल्यास संपूर्ण सरकार राजीनामा देईल, असे अँडरसन यांनी आधीच सांगितले होते. काकाबावे तटस्थ राहिल्या. ठरावाला १७४ मते मिळाली आणि तो एका मताने पडला. २८ जूनला माद्रिद येथे तुर्कस्तान, स्वीडन व फिनलंड यांच्यात त्रिपक्षीय निवेदनावर सह्या झाल्या.

२०२२ ची निवडणूक : ११ सप्टेंबर. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला ३०.३ टक्के मते आणि १०७ जागा, म्हणजे आधीपेक्षा सात अधिक. तो सर्वांत मोठा पक्ष राहिला. मात्र उजव्या बाजूच्या चार पक्षांच्या १७६ आणि उरलेल्यांच्या १७३ जागा झाल्या. १४ सप्टेंबरला अँडरसन यांनी पराभव मान्य केला. १७ ऑक्टोबरला संसदेने मॉडरेट पक्षाचे उल्फ क्रिस्टर्सन यांना निवडले आणि दुसऱ्या दिवशी सत्तांतर झाले. अँडरसन पक्षाध्यक्षपदी कायम राहून विरोधी बाकांवर गेल्या. त्यांच्या सरकारने केलेल्या अर्जावर स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी नाटोचा सदस्य झाला.