काट्याभोवतीची पंगत

गंगापूर रोडच्या आमच्या अंगणात गुलाब छाटताना तर्जनीत काटा मोडला. तिसऱ्या दिवशी बोट ठणकू लागलं, चौथ्या दिवशी पू धरला. रिपोर्टात पांढऱ्या पेशी 13,400, त्यांत न्यूट्रोफिल 82 टक्के. डॉक्टरांनी काटा काढला आणि कापसावरचा पिवळट पू दाखवत म्हणाले, "या तुमच्याच पेशी. लढून मेलेल्या."

मोगलाईत नाशिकचं नाव गुलशनाबाद. गुलाबाचा काटा आम्हाला परका नाही. पण या पेशींची ओळखही गुलाबाच्याच काट्याने पटली, हे मला ठाऊक नव्हतं. 1882 साली सिसिलीतल्या मेसिनात इल्या मेचनिकॉव्ह या प्राणिशास्त्रज्ञाने बागेतले गुलाबाचे काटे तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक डिंभांत टोचले. रात्रभर त्याला झोप नाही. पहाटे पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! सूज म्हणजे नुसता बिघाड नव्हे, शरीर धावून आल्याची ती खूण आहे, हे त्याला तिथे उमगलं.

व्हिएन्नात कार्ल क्लाउसने या पेशींना ग्रीक नाव सुचवलं: फॅगोसाइट. फॅगेइन म्हणजे खाणं, किटोस म्हणजे पोकळ भांडं. मराठीत भक्षक पेशी. ती जंतूला कवेत घेते, पिशवीत कोंडते आणि त्यावर पाचक रस सोडते.

मेचनिकॉव्हचा ओडेसातला विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था त्याच्याच नावाची. प्लेगचा जंतू मोठा चिवट, भक्षक पेशीने गिळला तरी आत तग धरतो. प्लेगच्या त्या साथीच्या चौकशीला आलेल्या आयोगात ऑल्मरॉथ राइट होता. पुढे 1903 मध्ये त्याने आणि डग्लसने लंडनमध्ये दाखवलं, की रक्तद्रवातलं काहीतरी आधी जंतूंना चिकटतं आणि मग पेशी त्यांचा झपाट्याने फडशा पाडतात. त्याला नाव दिलं ऑप्सोनिन. ग्रीकमध्ये ऑप्सॉन म्हणजे भाकरीबरोबर खायचं कालवण. आपलं तोंडीलावणंच!

मला हे नाव फार आवडतं. जंतूंशी लढण्यात पेशी श्रेष्ठ की रक्तद्रव, यावर तेव्हा विद्वानांत दोन तट होते. म्हणजे भाकरी मोठी की कोरड्यास? 1908 चं नोबेल मेचनिकॉव्ह आणि रक्तद्रवाच्या बाजूचा पाउल एरलिख या दोघांना मिळून दिलं गेलं.