शेकडा एकोणतीस

मनुष्य आजारी का पडतो, हा वैद्यकाचा जुना प्रश्न. तो निरोगी कसा राहतो, असा उलट प्रश्न समाजशास्त्रज्ञ आरोन अँटोनोव्स्की यांनी विचारला. १९२३ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ १९६० मध्ये इस्राएलात स्थायिक झाले. पुढे दहाएक वर्षांनी, तेथील निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांना ऋतुनिवृत्तीचा काळ कसा जातो, याची पाहणी ते करीत होते. मध्य युरोपातून आलेल्या स्त्रियांना, आपण नाझी छळछावणीत होता काय, असेही विचारले गेले.

छावणी न पाहिलेल्यांपैकी शेकडा ५१ जणींचे मानसिक स्वास्थ्य बरे आढळले. छावणीतून वाचलेल्यांत हे प्रमाण २९ होते. छळाची खूण पाव शतकानंतरही पुसली गेली नव्हती, हे उघडच होते. अँटोनोव्स्की यांची दृष्टी मात्र त्या एकोणतिसांवर खिळली. एवढे भोगून, देशोधडीला लागूनही या स्त्रिया सावरल्या कशा?

पुढे आपल्या ग्रंथांत त्यांनी उत्तर मांडले. जे घडते त्याची संगती लागते. त्याला तोंड देण्याचे बळ आपल्या किंवा आपल्या माणसांच्या ठायी आहे. आणि ही धडपड करण्याजोगी आहे, या त्रिविध विश्वासाला आपण सुसंगतीची जाणीव म्हणू. त्यांतही तिसरा विश्वास त्यांनी प्रधान मानला. दारुण आघातांतून सावरलेल्या ५१ माणसांच्या मुलाखतींच्या आधारे त्यांनी एक मोजपट्टी तयार केली. १९८७ च्या ग्रंथात ती सविस्तर आली: प्रश्न २९, प्रत्येकास सात पायऱ्या, बेरीज २९ ते २०३.

ही पट्टी पुढे अनेक भाषांत गेली. जेथे बेरीज मोठी, तेथे चिंता व विषण्णता कमी, असे वारंवार दिसून आले. टीकाकारांनी रास्त शंका काढली: ही पट्टी बळ मोजते, की विषण्णतेचा अभावच दुसऱ्या नावाने मोजते? हा वाद अद्याप मिटलेला नाही.

याहून मोठा धोका आपल्या समजुतीत आहे. उरलेल्या शेकडा ७१ स्त्रिया मनाने दुबळ्या होत्या, असे म्हणणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. ही जाणीव अनुभवांतून घडते, असेच अँटोनोव्स्की सांगत: जीवनात काही सातत्य असावे, भार पेलण्याइतका असावा, निर्णयात आपलाही शब्द असावा. या गोष्टी एकट्याच्या हातच्या नव्हेत. पुष्कळशा समाजाने द्यावयाच्या असतात. म्हणून अशी बेरीज कोठे कमी भरली, तर त्या माणसाला दोष देण्यापूर्वी आपण त्याला काय दिले, याचा हिशेब आधी मांडावा.