गाव वसवणाऱ्यांची वंशावळ

दापोलीहून समुद्राकडे उतरणारी वाट आसूदच्या पोफळीबागांमधून मुरुडला येते. गावात शिरताच त्याची आखणी डोळ्यांत भरते. एक लांब सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे, प्रत्येक घरामागे माड-पोफळीचे आगर आणि गावाच्या मध्यात दुर्गादेवीचे देऊळ. गरजेप्रमाणे एकेक घर वाढत गेलेल्या गावाला असे रूप येत नाही. हे गाव कोणीतरी बसून आखले आहे, जमिनी मोजून वाटल्या आहेत, बाहेरून घराणी आणून त्यांना जागा दिल्या आहेत.

त्या वसाहतीची हकीकत सांगणारा एक जुना कागद एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला होता. मुरुडचेच सुपुत्र रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी तो अभ्यासला आणि १८६५ साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यावर इंग्रजीत निबंध लिहिला. दक्षिण कोकणात एक नवे गाव कसे स्थापन झाले, हा त्याचा विषय. मंडलिक हे मुंबई हायकोर्टातले नामांकित वकील, ‘नेटिव्ह ओपिनियन’ या वृत्तपत्राचे संस्थापक आणि हिंदू कायद्याचे गाढे अभ्यासक. वतन, वारसा आणि दत्तक यांचे खटले हाताळणाऱ्या माणसाला गावाच्या जन्मकथेचे मोल लगेच कळले असणार. स्थानिक परंपरा मुरुडच्या स्थापनेचे श्रेय एका सिद्धपुरुषाला देते. दंतकथा बाजूला ठेवली तरी मुख्य गोष्ट उरतेच. किनाऱ्यावरचे रान साफ करून काही कुटुंबे इथे ठरवून राहायला आली, आणि पुढच्या पिढ्यांनी आपला वंश त्या पहिल्या मंडळींपासून मोजायला सुरुवात केली.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, अशाच मोजणीचे पुढे मोठे शास्त्र झाले. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी तिथे पोचले. पहिला हिवाळा संपेपर्यंत त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. १६३० साली जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली प्युरिटन पंथीयांची मोठी लाट मॅसॅच्युसेट्सच्या उपसागराशी उतरली, आणि पुढच्या दहा वर्षांत सुमारे वीस हजार माणसे न्यू इंग्लंडमध्ये आली. एकटेदुकटे नव्हेत, बायकामुलांसह. त्यांनी गावे आखली, शेते वाटली, मधोमध प्रार्थनागृह उभे केले. १६३९ सालीच मॅसॅच्युसेट्सच्या सभेने जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद ठेवण्याचा नियम केला. या नोंदींच्या आधारावर १८४५ साली बोस्टनमध्ये वंशावळींच्या अभ्यासाची संस्था निघाली, आणि जेम्स सॅव्हेजने १८६० ते १८६२ या काळात न्यू इंग्लंडच्या पहिल्या वसाहतकारांचा चार खंडांचा कोश काढला. मंडलिकांचा मुरुडवरचा निबंध त्यानंतर तीनच वर्षांनी आला.

कोकणात असे सरकारी रजिस्टर नव्हते. म्हणून इथल्या वंशावळी निराधार ठरत नाहीत. फक्त त्यांचे पुरावे वेगळ्या जागी सापडतात.

पहिला पुरावा जमिनीचा. रत्नागिरी जिल्ह्यात खोती वतन वंशपरंपरेने चाले. खोताला गावचा वसूल करण्याचा हक्क असे. भाऊ वाढले की त्या हक्काच्या तकसिमा पडत आणि वहिवाट बहुधा पाळीपाळीने, एकेका वर्षासाठी एकेका तकसीमदाराकडे जाई. हिस्सा सिद्ध करायचा तर आपण कोणत्या शाखेचे, कोणाचे नातू, कोणाचे पणतू हे सांगावेच लागे. म्हणून सनदा, वाटणीपत्रे, महजर आणि करीने घराघरांतल्या पेट्यांत जपले गेले. महजरात गावकऱ्यांच्या साक्षी असत, करीन्यात घराण्याची सगळी पूर्वपीठिका असे. १८८० च्या खोती कायद्याने इंग्रज सरकारने हे हक्क कागदावर बांधले. त्याच वर्षी रत्नागिरी आणि सावंतवाडीचे गॅझेटियरही छापून आले. कोकणातले कितीतरी वंशवृक्ष प्रेमापोटी नव्हे, तर भाऊबंदकीच्या कज्ज्यासाठी प्रथम काढले गेले, आणि म्हणूनच ते बरेचसे विश्वासार्ह आहेत. प्रतिपक्ष डोळ्यांत तेल घालून चूक शोधत असताना खोटा पूर्वज घुसवणे सोपे नव्हते.

दुसरा पुरावा धर्माचारातला. महालयात बाप, आजा, पणजा यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात, तशीच आई, आजी आणि पणजीचीही. सुतक कोणाचे किती दिवस धरायचे हे ठरवायला भाऊबंद कितव्या पिढीत तुटले ते ठाऊक असावे लागते. सगोत्र विवाह टाळायचा, म्हणून गोत्र-प्रवर लक्षात ठेवले जात. सगोत्र विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९४६ साली. घरातली आठवण तीन-चार पिढ्यांपुढे जात नाही. तिथून पुढची वाट त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे जाते. त्यांच्या नामावळींत यात्रेकरू आला की त्याचे, भावांचे, मुलांचे नाव आणि मूळ गाव लिहून घेतले जाते. रत्नागिरीच्या खेड्यातून मुंबईला, मुंबईहून इंदूरला गेलेल्या घराचा दुवा पुष्कळदा या वहीतच जुळतो.

तिसरा पुरावा गावाच्या उत्सवात दर वर्षी डोळ्यांसमोर उलगडतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते तेव्हा पहिला मान कोणाचा, दुसरा कोणाचा, पालखीला खांदा कोणी द्यायचा, होळीचा माड कोणी आणायचा, हे ठरलेले असते. गावकर, खोत, गुरव आणि बारा बलुत्यांतली घरे, प्रत्येकाचे स्थान पक्के. हा क्रम म्हणजे गाव कोणी आधी वसवले आणि मागाहून कोण आले याची जुनी यादीच. मानापानावरून पेशवाईत तंटे झाले, इंग्रजी कोर्टात दावे लागले, आणि त्या तंट्यांच्या कागदांतून ब्राह्मणेतर घराण्यांचाही काही इतिहास हाती लागतो.

या साधनांच्या जोरावर काही घराण्यांचा माग फार नेमका लागला आहे. रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन घाटावर गेले आणि इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय झाले. त्यांचे मुलगे गोविंद हरी, रामचंद्र हरी आणि त्र्यंबक हरी यांनी पेशव्यांच्या फौजेत नाव काढले, आणि त्यांच्या वंशजांची मिरज, सांगली, जमखिंडी, कुरुंदवाड ही संस्थाने झाली. एका भिक्षुकाच्या घरातून चार गाद्या कशा निघाल्या, हे वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या दप्तरातून हजारो पत्रे वाचून, ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापून लोकांपुढे ठेवले. खरे स्वतः गुहागरचे. नेवऱ्याचे गोविंदपंत खेर बुंदेलखंडात गेले आणि ‘बुंदेले’ म्हणून ओळखले जाऊ लागले. लांजा तालुक्यातल्या कोटचे नेवाळकर झाशीचे सुभेदार झाले. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे भानू, बाळाजी विश्वनाथ भटांच्या बरोबरीने देशावर आले आणि त्यांच्या वंशात नाना फडणवीस निपजले.

जो कोकण सोडून गेला त्याचा वंश लिहिला गेला, कारण त्याच्यामागे दप्तर आले. नानांचे दप्तर वाईजवळच्या मेणवलीत राहिले. पेशव्यांचे पुण्यात. त्या पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाईही रत्नागिरी जिल्ह्यातलेच, गोविल गावचे. ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ हे त्यांचे पुस्तक आजही अभ्यासकाच्या हाताशी असते. पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने घरोघरचे कागद गोळा करण्याची शिस्त लावली.

विसाव्या शतकात ही शिस्त सामान्य घरांपर्यंत उतरली आणि कुलवृत्तांत नावाचा एक खास मराठी ग्रंथप्रकार फुलला. आपटे, गोखले, बापट, लिमये, केळकर अशी एकेका आडनावाची जाडजूड पुस्तके निघाली. चित्पावनांची मूळ साठ आडनावे आणि चौदा गोत्रे ही परंपरेने चालत आलेली चौकट. त्या चौकटीत मूळ गावावरून एकेक घराणे वेगळे करायचे, मूळ पुरुषापासून पिढ्या लावायच्या, आणि मग प्रत्येकाची माहिती द्यायची. जन्म, शिक्षण, नोकरी, राहण्याचे ठिकाण, पत्नीचे सासरचे-माहेरचे नाव, मुले. संपादक बहुधा निवृत्त शिक्षक किंवा कारकून. छापील अर्ज टपालाने पाठवायचे, उत्तर आले नाही तर पुन्हा लिहायचे, वर्गणीतून छपाईचा खर्च काढायचा. शिकागो विद्यापीठातल्या मॉरीन पॅटर्सन यांनी या कुलवृत्तांतांच्या आधारे चित्पावन समाजाच्या स्थित्यंतरावर निबंध लिहिला. तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातली भिक्षुकी आणि खोती सुटून लोक सरकारी नोकरीत, वकिलीत, शाळा-कॉलेजांत आणि कारखान्यांत कसे गेले, हे पिढीगणिक दाखवणारे असे साधन जगात फार थोड्या समाजांकडे आहे.

या कामाचे मोल मान्य करूनही त्यातली उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. वंशवृक्ष पुरुषांचा निघतो. लग्नात मुलीचे आडनाव बदलते, पुष्कळदा नावही बदलते, आणि बापाच्या वंशवृक्षावर तिची फांदी तिथेच खुंटते. खरे तर पेशवाईचे जाळे लेकीसुनांनी विणले होते. बाळाजी विश्वनाथांची मुलगी अनुबाई इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांना दिली, दुसरी मुलगी भिऊबाई बारामतीच्या आबाजी जोश्यांना. व्यंकटरावांच्या पश्चात इचलकरंजीचा कारभार अनुबाईंनी वर्षानुवर्षे सांभाळला. भट, घोरपडे आणि जोशी या तीन घराण्यांचे राजकारण समजायचे तर या दोन बहिणींपासूनच सुरुवात करावी लागते. दत्तकांचेही तसेच. १८५३ साली झाशीच्या गंगाधररावांनी आनंदराव या मुलाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. वंशावळीत तो एका रेघेने मुलगा होतो. जन्मदात्या घराची रेघ ओढायला संशोधकाला वेगळे कागद शोधावे लागतात.

त्याहून मोठी उणीव वतन नसलेल्यांची. वेळास आणि आंबडवे ही दोन्ही गावे मंडणगड तालुक्यातलीच. वेळासच्या भानूंचे कागद दप्तरांत जपले गेले. आंबडव्याच्या सकपाळांसाठी असे दप्तर कोणी ठेवले नाही. याच सकपाळांपैकी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचा माग लावायचा तर आजोबा मालोजी आणि वडील सुभेदार रामजी यांच्या पलटणीतल्या नोकरीकडे आणि शाळेच्या रजिस्टरकडे वळावे लागते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालेल्या ‘भिवा रामजी आंबेडकर’ या मुलाची नोंद हा आज त्या वंशेतिहासातला सर्वांत मोलाचा कागद आहे. याच बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. कुळांची नावे जमिनीच्या दप्तरात मालक म्हणून चढली, आणि कुणबी, बौद्ध, भंडारी, मुस्लिम अशा असंख्य घरांच्या लिखित वंशावळीला फेरफारांच्या वहीतून बळकट आधार मिळाला.

आज हा शोध घेणाऱ्याला पूर्वीपेक्षा अधिक साधने मोकळी आहेत. शाळेचे जुने दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, सातबारा आणि फेरफार, मुंबईच्या गिरण्यांतली हजेरीपत्रके, दर्ग्याच्या आणि मशिदीच्या वहिवाटीचे कागद, देवस्थानांचे जमाखर्च. २००५ च्या कायदादुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि वारस नोंदीत लेकींचे स्थान भक्कम झाले. अडचण आहे ती मोडी लिपीची. आजोबांच्या पेटीतला करीना नातवाला वाचता येत नाही, म्हणून तो रद्दीत जातो किंवा वाळवीच्या तोंडी पडतो. कोकणच्या दमट हवेत कागदाला आधीच आयुष्य कमी. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, त्यातून तयार झालेले वाचक ठिकठिकाणी आहेत.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी आहे त्यांनी ती या पावसाळ्याआधी उघडावी. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्यावे, मोडी जाणकाराकडून निदान पहिली ओळ, तारीख आणि गावाचे नाव वाचून घ्यावे. ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांनी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईसमोर वही घेऊन बसावे. तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे, आजीचे, गावाचे, वाडीचे आणि कुळस्वामीचे नाव लिहून घ्यावे. आणि तयार झालेल्या टिपणाची एक प्रत १८२८ साली स्थापन झालेल्या रत्नागिरी नगर वाचनालयासारख्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाला द्यावी, म्हणजे ती घराबाहेरच्या अभ्यासकालाही सापडेल.