साहाय्यक श्वान : किंमत व सांभाळ

साहाय्यक श्वान : दिव्यांग व्यक्तीला तिच्या गरजेचे ठरावीक काम करून देण्यासाठी शिकवून तयार केलेला कुत्रा. अंधांना वाट दाखवणारा मार्गदर्शक श्वान हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डॉ. गेऱ्हार्ट श्टालिंग यांनी 1916 मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे असे श्वान तयार करणारी शाळा काढली. अमेरिकेतील ‘द सीइंग आय’ ही मार्गदर्शक श्वान देणारी संस्था 1929 ची.

मिळवण्याचा खर्च : निवडक पैदास, स्वयंसेवक कुटुंबात सुमारे वर्षभर संगोपन, प्रशिक्षकाकडे काही महिने शिक्षण आणि अखेरीस माणूस व कुत्रा यांचा एकत्र सराव, असे टप्पे असतात. मध्येच गळणाऱ्या कुत्र्यांचा खर्चही यातच धरावा लागतो. अमेरिकेत एका श्वानामागे 50,000 डॉलर (सु. 19,000 ओमानी रियाल) किंवा अधिक खर्च सांगितला जातो. तरीही सीइंग आय पहिल्या श्वानासाठी 150 डॉलर (सु. 58 रियाल) आणि पुढील प्रत्येकासाठी 50 डॉलर एवढेच घेते. बाकीचा भार देणगीदार उचलतात.

सांभाळाचा खर्च : खाद्य, लसी, जंतांचे औषध, आजारपण आणि पट्टा-साज हा खर्च वर्षानुवर्षे चालतो. श्वान साधारण आठ वर्षे काम करतो. त्यानंतर त्याचे म्हातारपण आणि नव्या श्वानाची तयारी एकाच वेळी समोर येतात. मस्कतमधील मदिनत सुलतान काबूससारख्या परदेशी कुटुंबांच्या वस्तीत यात आणखी भर पडते. कुत्रा ओमानमध्ये आणायचा तर आयात परवाना, मायक्रोचिप, रेबीजची लस व आरोग्य दाखला लागतो. भारतातून, उदा. मुंबईहून, कुत्रा नेताना तेथील पशू विलगीकरण व प्रमाणन सेवेकडे जावे लागते. उन्हाळ्यात पारा 40 अंश सेल्सियसपलीकडे जातो व तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात. त्यामुळे बाहेरची कामे पहाटे किंवा रात्री उरकावी लागतात, कुत्र्यासाठी पायमोजे घ्यावे लागतात आणि वातानुकूलनाचे वीजबिल वाढते.

खर्चाची जबाबदारी : दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार (2006) भारताने 2007 मध्ये व ओमानने 2009 मध्ये मान्य केला. हालचालीची साधने व सजीव साहाय्य परवडणाऱ्या किमतीत मिळावे, असे त्याचे 20 वे कलम सांगते. ब्रिटनमधील ‘गाइड डॉग्ज’ ही संस्था गरजेनुसार खाद्य व पशुवैद्यकाचा खर्चही देते. श्वान फुकट दिला, पण त्याचा रोजचा खर्च एकट्या दिव्यांग व्यक्तीवर सोडला, तर कमी उत्पन्नाच्या माणसाला तो स्वीकारताच येत नाही. म्हणून मदतीच्या कोणत्याही योजनेत श्वानाच्या संपूर्ण आयुष्याची तरतूद असणे आवश्यक आहे.