व्याकरण कोणासाठी? : पेण-रोहा परिसरातील तीन उत्तरे

'व्याकरण' या संज्ञेचा अर्थ सर्वत्र एकच असतो, या गृहीतकावर मराठी व्याकरणविषयक बरेच वाद उभे राहिले. वस्तुतः पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच शब्दानुशासनाच्या प्रयोजनांची चर्चा केली आहे. प्रयोजन बदलले की व्याकरणाचे स्वरूप बदलते. जुन्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा परिसराचा भाषिक इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

पेणकर, रोहेकर ही आडनावे बेने इस्रायली कुटुंबांत आढळतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखल्या गेलेल्या या समाजाची बोलण्याची भाषा मराठी. हिब्रू ही प्रार्थनेची. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली, ती या समाजासाठी. त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होताच. तथापि येथे व्याकरण म्हणजे न समजणाऱ्या ग्रंथाची किल्ली होय. मराठीत तीन लिंगे, हिब्रूत दोनच. हिब्रूतील बहुतेक धातू तीन व्यंजनांचे. असे भेद सांगणाऱ्या व्याकरणात वाचकाची स्वतःची बोली शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्नच उद्भवत नाही.

चारच वर्षांनी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि हा प्रश्न अटळ झाला. ज्याला मराठी येतेच, त्याला मराठीचे व्याकरण कशासाठी? शाळा, छापखाना आणि सरकारी व्यवहार यांना एका स्थिर भाषारूपाची गरज होती. व्याकरण हे त्या रूपाचे प्रमाण ठरले. शब्दजातींची विभागणी इंग्रजी वळणाची, विभक्ती व समास संस्कृत वळणाचे, अशी ही घडण पुढेही टिकली. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये पूर्वसूरींची मते तपासून या परंपरेला शास्त्राची बैठक दिली. पण विचाराचा विषय मुख्यतः शिष्ट मराठीच राहिला.

तिसरे उत्तर ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीत मिळते. तिच्या १९०५ च्या मराठीविषयक सातव्या खंडात कुलाब्याच्या आगरी बोलीची नोंद आहे. पेणच्या खारेपाटात 'पाणी' हे 'पानी', 'डोळा' हा 'डोला', 'घोडा' हा 'घोरा' होतो. शाळेच्या दृष्टीने या तीन चुका. पाहणीच्या दृष्टीने तीन ध्वनिनियम. 'घोरा' म्हणणारा 'पडला' ऐवजी 'परला' म्हणतो; म्हणजे तो नियम मोडत नाही, दुसरा नियम पाळतो. मात्र या पाहणीतही बोलीचा भाषक नमुना देणारा राहिला. त्या व्याकरणाचा वाचक झाला नाही.

अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ मध्ये मराठी व्याकरणाचा पुनर्विचार मांडला, तेव्हा संस्कृत व इंग्रजी साच्यांतून मराठीला मोकळे करण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. प्रमाण मराठीच्या साच्यातून बोलींना मोकळे करणे, ही त्याच विचाराची पुढची पायरी होय. किल्ली, प्रमाण आणि नोंद ही तिन्ही प्रयोजने आपापल्या जागी रास्त आहेत. एकाचा निकष दुसऱ्याला लावला की गल्लत होते, आणि तिची किंमत वर्गात 'पानी' म्हणून गप्प बसवलेले मूल देते. विल्सन यांच्या पुस्तकाने वाचकाच्या भाषेत उभे राहून परकी भाषा समजावली. आगरी मुलाला प्रमाण मराठी तशी समजावणारे व्याकरण हे या इतिहासाने शिल्लक ठेवलेले काम आहे.