व्यावसायिक कुस्तीतील वारसाप्रश्न : ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग’ (१९८८-२००१)

प्रस्तावना :

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा १९९० च्या दशकातील इतिहास हा मुख्यतः दोन कंपन्यांच्या स्पर्धेचा इतिहास आहे. व्हिन्स मॅकमॅहन यांची ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ (डब्ल्यूडब्ल्यूएफ) आणि टेड टर्नर यांच्या प्रसारण समूहाची ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग’ (डब्ल्यूसीडब्ल्यू) या त्या कंपन्या होत. सोमवारी रात्री एकाच वेळी दाखविल्या जाणाऱ्या कार्यक्रमांच्या प्रेक्षकसंख्येत १९९६ च्या मध्यापासून एप्रिल १९९८ पर्यंत सलग ८३ आठवडे डब्ल्यूसीडब्ल्यूने आघाडी राखली. त्यानंतर तीन वर्षांच्या आत ती प्रतिस्पर्ध्याला विकली गेली. या अस्ताची आर्थिक व व्यवस्थापकीय कारणे बरीच चर्चिली गेली आहेत. प्रस्तुत लेखात एकाच प्रश्नाचा विचार केला आहे : शिखरावर असलेल्या या संस्थेला स्वतःचे नवे नामवंत मल्ल का घडविता आले नाहीत ?

पराभवाचे मोल :

तांबड्या मातीतील कुस्तीशी परिचित असलेल्या वाचकाने येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. मल्लाचे अंगबळ खरे, कसब खरे, होणारी दुखापतही पुष्कळदा खरी. परंतु कोणी कोणास चीत करावयाचे हे पडद्यामागे ठरते. मातीतला मल्ल नामांकिताला आपल्या बळावर आस्मान दाखवून मोठा होतो. येथे मात्र नामांकिताने हरण्यास राजी व्हावे लागते. ज्येष्ठाची प्रतिष्ठा पराभवाच्या वाटेने कनिष्ठाकडे जाते, आणि ही वाट अडली की वारसाही थांबतो.

डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये ती वाट करारानेच अडविली होती. जुलै २००० मधील एका कार्यक्रमानंतर हल्क होगन यांनी कंपनीविरुद्ध दावा लावला. त्या निमित्ताने त्यांच्या करारातील एक कलम न्यायालयीन नोंदीत आले. आपल्या सामन्यांच्या निकालास संमती देण्याचा अधिकार या कलमाने त्यांना दिला होता. ज्याच्या पराभवाचे मोल सर्वाधिक, त्याच्याच हाती तो पराभव नाकारण्याची सोय होती. कराराचे असे स्वरूप पाहता केवळ व्यक्तीच्या अहंकारास दोष देणे अपुरे ठरते. तो अधिकार कंपनीने स्वतः लिहून दिला होता.

आयात केलेली कीर्ती :

१९८८ मध्ये टर्नर समूहाने जिम क्रॉकेट यांची कंपनी विकत घेतली, तेथून या संस्थेचा इतिहास सुरू होतो. आरंभीच्या काळात तिच्याकडे होतकरू मल्लांची वाण नव्हती. पुढे ‘अंडरटेकर’ म्हणून गाजलेले मार्क कॅलवे १९९० मध्ये, मिक फोली १९९४ मध्ये, तर स्टीव्ह ऑस्टिन आणि पुढे ‘ट्रिपल एच’ झालेले पॉल लेव्हेक १९९५ मध्ये येथून बाहेर पडले. चौघेही डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये विजेते झाले. उलट दिशेने आले ते आधीच कीर्ती मिळविलेले : १९९४ मध्ये होगन व रँडी सॅव्हेज, १९९६ मध्ये स्कॉट हॉल, केव्हिन नॅश व रॉडी पायपर, १९९७ च्या अखेरीस ब्रेट हार्ट. ७ जुलै १९९६ रोजी डेटोना बीच येथे होगन यांनी खलनायकाचे रूप घेतले आणि हॉल-नॅश यांच्यासह ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ हा गट उभा राहिला. कंपनीच्या सुवर्णकाळाचा पाया तोच. मात्र त्या वेळी होगन बेचाळीस वर्षांचे होते, याचा हिशेब कोणी ठेवल्याचे दिसत नाही.

गोल्डबर्ग : अपवाद आणि त्याचा शेवट :

या मतास सर्वात बळकट आक्षेप बिल गोल्डबर्ग यांच्या उदाहरणाचा आहे. अटलांटा येथे कंपनीचे ‘पॉवर प्लांट’ नावाचे प्रशिक्षण केंद्र होते. पूर्वाश्रमीचे फुटबॉलपटू गोल्डबर्ग तेथेच तयार झाले. सप्टेंबर १९९७ मध्ये पदार्पण केल्यापासून ते हरलेच नाहीत. (कंपनी सांगत असलेला विजयांचा आकडा खऱ्या सामन्यांपेक्षा पुष्कळ फुगविलेला होता, हे वेगळे.) ६ जुलै १९९८ रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये सुमारे ४० हजार प्रेक्षकांसमोर त्यांनी होगन यांना हरवून विजेतेपदाचा पट्टा मिळविला. म्हणजे होगन हरले, आणि त्यातून नवा नायक उभाही राहिला. मार्ग ठाऊक नव्हता असे म्हणण्यास येथे जागा उरत नाही.

पुढील सहा महिन्यांत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. २७ डिसेंबर रोजी नॅश यांनी, तेही हॉल यांनी दिलेल्या विजेच्या झटक्याच्या साहाय्याने, गोल्डबर्ग यांची विजयमालिका खंडित केली. ४ जानेवारी १९९९ रोजी त्याच जॉर्जिया डोममध्ये होगन यांनी एका बोटाने छातीला स्पर्श करताच नॅश आडवे झाले व पट्टा पुन्हा होगन यांच्याकडे गेला. गोल्डबर्ग यांच्यावर खर्च झालेली कीर्ती अशा रीतीने व्याजासह परत घेण्यात आली. त्याच रात्री दुसऱ्या वाहिनीवर मिक फोली प्रथमच विजेते होणार असल्याचे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या निवेदकाने उपहासाने जाहीर केले. ते ऐकून प्रेक्षकांनी मोठ्या संख्येने वाहिनी बदलली. ज्या फोलींना हे घर सोडावे लागले होते, त्यांनाच पाहण्यासाठी ते गेले.

मधल्या फळीची कोंडी :

कार्यक्रमाचा पूर्वार्ध रे मिस्टेरिओ, एडी गरेरो, डीन मलेन्को, ख्रिस जेरिको या तुलनेने हलक्या वजनाच्या मल्लांनी वर्षानुवर्षे तोलून धरला. जेरिको यांनी १९९८ मध्ये गोल्डबर्ग यांना आव्हान देण्याचे प्रकरण कित्येक आठवडे रंगविले; मोठ्या कार्यक्रमातला सामना त्यांना कधी मिळालाच नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये ते डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेले आणि डिसेंबर २००१ मध्ये एकाच रात्री ‘द रॉक’ व ऑस्टिन या दोघांना हरवून निर्विवाद विजेते ठरले. मिस्टेरिओ यांचा मुखवटा फेब्रुवारी १९९९ मध्ये हॉल-नॅश यांच्याविरुद्धच्या सामन्यात उतरविण्यात आला. मेक्सिकन परंपरेत मुखवटा ही मल्लाची सर्वात मोलाची ठेव. ती गेली आणि बदल्यात कोणी नवा मल्ल मोठा झाला नाही. जानेवारी २००० मध्ये गरेरो, मलेन्को, ख्रिस बेन्वा व पेरी सॅटर्न एकदमच बाहेर पडले. गरेरो २००४ मध्ये व मिस्टेरिओ २००६ मध्ये त्या दुसऱ्या कंपनीचे विजेते झाले.

अखेर :

कंपनी बंद होण्याचे निकटचे कारण वेगळे होते, हे नोंदविणे न्याय्य ठरेल. एओएल व टाइम वॉर्नर यांच्या विलीनीकरणानंतर नव्या व्यवस्थापनाने मार्च २००१ मध्ये टर्नर वाहिन्यांवरील कुस्तीचे कार्यक्रम रद्द केले. प्रक्षेपणाची वेळच न उरल्याने इच्छुक खरेदीदारांनी माघार घेतली. परंतु २००० या वर्षातील तोटा ६ कोटी डॉलरहून अधिक होता, आणि बुकर टी यांचे जुलै २००० मधील विजेतेपद फार उशिरा आलेले होते.

‘मंडे नायट्रो’ या मुख्य कार्यक्रमाचे पहिले प्रक्षेपण ४ सप्टेंबर १९९५ रोजी झाले. त्यात स्टिंग आणि सेहेचाळीस वर्षांचे रिक फ्लेअर यांची लढत होती. २६ मार्च २००१ रोजी शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा बुकर टी यांनी त्याच रात्री पट्टा जिंकलेला असूनही अखेरच्या सामन्याचा मान त्यांना मिळाला नाही. तो सामना स्टिंग आणि बावन्न वर्षांचे फ्लेअर यांच्यातच झाला.