रिंगणातून निवृत्ती : हेवीवेट मुष्टियुद्धातील एका निर्णयाचा इतिहास

व्यावसायिक मुष्टियुद्धात खेळाडूने कधी थांबावे हे ठरवणारा नियम फार काळ अस्तित्वातच नव्हता. इंग्लंडमध्ये १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे सक्तीचे केले, फेरी तीन मिनिटांची ठरवली आणि खाली पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंदांची मुदत दिली. लढत कोणत्या क्षणी संपते हे त्यामुळे स्पष्ट झाले, पण कारकीर्द कधी संपते हे सांगण्याची जबाबदारी कोणावरच आली नाही. ती खेळाडूवर राहिली, आणि या निर्णयासाठी सर्वांत अपुरी माहिती नेमकी त्याच्याकडेच असे. वयाबरोबर पाय आणि प्रतिक्षिप्त क्रिया आधी मंदावतात, ठोशातील ताकद मात्र बराच काळ टिकते. त्यामुळे सरावाच्या बॅगवर ठोसे मारणाऱ्या पस्तिशीतल्या मुष्टियोद्ध्याला आपण पूर्वीचेच आहोत असे प्रामाणिकपणे वाटू शकते, आणि समोरून येणारा ठोसा चुकवण्यास तो निमिषभर उशीर करू लागला आहे हे इतरांना त्याच्या आधी दिसते.

या उशिराची किंमत वैद्यकशास्त्राने १९२८ साली प्रथम नीट मांडली. न्यू जर्सीतील वैद्यकीय परीक्षक हॅरिसन मार्टलँड यांनी त्या वर्षीच्या शोधनिबंधात, डोक्यावर वारंवार ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, हालचाली मंदावतात आणि बुद्धीही क्षीण होऊ शकते, असे नोंदवले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जगज्जेता जीन टनी याने टॉम हीनीला हरवून, किताब हाती असतानाच निवृत्ती घेतली आणि तो पुन्हा कधीही लढला नाही. टनीचा संयम वाखाणला जातो व ते योग्यच आहे. तथापि आदल्या वर्षीच्या जॅक डेम्प्सीविरुद्धच्या एका लढतीतूनच त्याला सुमारे दहा लाख डॉलर्स मिळाले होते, हे विसरून चालत नाही. थांबणे त्याला परवडत होते.

जो लुईसला ते परवडले नाही, आणि या विषयाच्या इतिहासात त्याच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. अलाबामात १९१४ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू २२ जून १९३७ रोजी जेम्स ब्रॅडॉकला हरवून हेवीवेट जगज्जेता झाला आणि पुढे जवळपास बारा वर्षे त्याने पंचवीस वेळा किताब राखला. १९४२ साली बडी बेअर आणि एब सायमन यांच्याविरुद्धच्या लढतींचे मानधन त्याने नौदलाच्या आणि सैन्याच्या मदतनिधींना दिले, त्याच वर्षी तो स्वतः सैन्यात दाखल झाला. पुढे करखात्याशी झालेल्या वादात दान केलेली ही रक्कमही त्याचे उत्पन्न म्हणूनच मोजली गेली. कारकिर्दीतील सुमारे ४६ लाख डॉलर्सच्या कमाईपैकी जेमतेम आठ लाख त्याच्या स्वतःच्या वाट्याला आले होते, बाकीचा पैसा व्यवस्थापक व इतर मंडळींकडे गेला होता.

शरीराने इशारा दिलेला होता. ५ डिसेंबर १९४७ रोजी जर्सी जो वॉलकॉटने त्याला दोनदा खाली पाडले आणि पंचांच्या विभागलेल्या कौलावर किताब कसाबसा वाचला; पुढच्या जूनमध्ये लुईसने वॉलकॉटला बाद करून हिशेब चुकता केला आणि १९४९ च्या मार्चमध्ये निवृत्ती जाहीर केली. निर्णय योग्य वेळी झाला होता, परंतु थकलेल्या करावर व्याज चढत होते आणि त्या आकाराची रक्कम मिळवण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. २७ सप्टेंबर १९५० रोजी तो एझर्ड चार्ल्सविरुद्ध परतला आणि पंधरा फेऱ्यांत स्पष्टपणे हरला. त्यानंतरही तो लढत राहिला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तरुण रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत त्याला असा ठोसा मारला की सदतीस वर्षांचा लुईस दोरांमधून बाहेर कोसळला. त्यानंतर कर्जापायी तो प्रदर्शनी कुस्त्यांमध्येही उतरला आणि अखेरच्या वर्षांत लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचे स्वागत करण्याच्या नोकरीवर राहिला. देशाने ज्याच्या विजयांचा इतका अभिमान बाळगला त्याला ही वेळ यावी, हे त्या खेळाच्या व्यवस्थेचे अपयश आहे; लुईसच्या हट्टाला त्याचा दोष देणे अन्यायाचे ठरेल.

मार्सियानो स्वतः एप्रिल १९५६ मध्ये, ४९ पैकी ४९ लढती जिंकून, बत्तिसाव्या वर्षी थांबला आणि परतला नाही.

मुहम्मद अलीच्या बाबतीत माहिती होती, ती ऐकणारे नव्हते. २९ सप्टेंबर १९७७ रोजी अर्नी शेव्हर्सविरुद्धची लढत जिंकल्यावर त्याचे डॉक्टर फर्डी पचेको यांना प्रयोगशाळेच्या अहवालात मूत्रपिंडांवरील परिणाम दिसला; त्यांनी अलीला व त्याच्या निकटवर्तीयांना तो कळवला, उत्तर आले नाही, तेव्हा ते अलीच्या चमूतून बाहेर पडले. १९८० मध्ये, दोन वर्षांच्या खंडानंतर, अलीला लॅरी होम्सशी लढायचे होते आणि नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने, म्हणजे लढतींचे परवाने देणाऱ्या सरकारी मंडळाने, मेयो क्लिनिकची तपासणी मागितली. बोट अचूकपणे नाकाला लावताना त्याला किंचित अडचण येते आणि एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळाई दिसत नाही, असे डॉक्टरांनी लिहिले. मात्र लढतीस मनाई करण्याइतके काही आढळले नाही आणि परवाना मिळाला. २ ऑक्टोबर १९८० रोजी अडतीस वर्षांच्या अलीला पंचांनी एकही फेरी दिली नाही. दहाव्या फेरीनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. तरीही डिसेंबर १९८१ मध्ये तो बहामाजमधील नासाऊ येथे ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध पुन्हा उभा राहिला आणि हरला. १९८४ साली त्याच्या पार्किन्सनसदृश विकाराचे निदान झाले.

जॉर्ज फोरमनने दहा वर्षांच्या निवृत्तीनंतर परतून, ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी मायकल मूररला बाद करून किताब मिळवला. हा पराक्रम अस्सल होता, परंतु थांबण्याच्या विचारात असलेल्या अनेकांच्या मनात त्याने जी आशा पेरली ती बहुतेकांसाठी घातक होती.

हौशी मुष्टियुद्धाने, म्हणजे ऑलिंपिकशी जोडलेल्या शाखेने, हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आणि खेळाडूच्या वयालाच कमाल मर्यादा घातली. सहा वेळा जगज्जेती ठरलेल्या मेरी कोमला हा नियम आड आला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाविरुद्ध ती विभागलेल्या कौलावर हरली. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या निवृत्तीच्या बातम्या पसरल्या तेव्हा आपण निवृत्ती जाहीर केलेली नाही, वयाच्या नियमामुळे आपल्याला स्पर्धेत उतरता येत नाही, असे तिने स्पष्ट केले. चाळीस वर्षांची ही मर्यादा सर्वांना सरसकट लागू होते, त्यामुळे शरीराने सक्षम असलेल्या खेळाडूवर ती अन्याय करू शकते. परंतु लुईस आणि अली यांच्यासाठी वयावर नव्हे, तर वैद्यकीय तपासणीवर आधारलेली एखादी रेषा कोणी आखली असती, तर नासाऊची लढत झालीच असती असे नाही, आणि मार्सियानोसमोर लुईसला उभे राहावे लागले असते की नाही हे त्याच्या कराच्या थकबाकीवर नव्हे, तर त्याच्या वैद्यकीय अहवालावर ठरले असते.